भडकल दरवाजा आधी, तटबंदी नंतर: संभाजीनगरचे दरवाजे कसे पाहावेत?

पायवाट (धागाकर्ता)

संभाजीनगरला येणारा पाहुणा वेरूळ करतो, अजिंठा करतो, अर्धा दिवस हाताशी राहिला तर मकबरा आणि पाणचक्की. दरवाजे मात्र रिक्षातून जाता जाता दिसतात. 'हे बघा मकई गेट,' असं रिक्षावाला सांगतो आणि आपण मान वळवेपर्यंत ते मागे पडलेलं असतं. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून ज्याची ओळख, त्या शहराचे दरवाजेच लोक थांबून बघत नाहीत, हे मला फार लागतं. म्हणून हा धागा.

सुरुवात भडकल दरवाज्यापासून करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दिल्ली दरवाजा जास्त रुबाबदार आहे, पैठण दरवाजा जास्त गजबजलेला आहे, पण शहर समजून घ्यायचं तर आधी भडकल. हा दरवाजा अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणाऱ्या मलिक अंबरने १६१२ साली उभारला. मोगलांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून. त्याआधी दोन वर्षं, म्हणजे १६१० मध्ये, त्याने खडकी या गावाच्या जागी आपलं शहर वसवायला घेतलं होतं. आज जी तटबंदी आपण 'औरंगाबादची तटबंदी' म्हणतो, ती औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास घातली. म्हणजे दरवाजा आणि तट यांच्यात सत्तर वर्षांचं अंतर आहे. भडकल कुठल्याही भिंतीला चिकटलेला नाही, तो तटाच्या आत, आपल्या पायांवर एकटा उभा आहे.

मिल कॉर्नरकडून चालत जा. काळ्या दगडाचे दणकट खांब, मधली उंच टोकदार कमान. समोरून फोटो काढून परत फिरू नका, कमानीखाली जाऊन वर बघा. खांबांवरून कमानी कशा उठतात आणि वरचा सगळा भार पुन्हा खांबांवर कशा आणून सोडतात, ते खालूनच कळतं. हात लावला की दगड भर उन्हातही गार लागतो. दगडावरच्या टाकीच्या खुणा काही ठिकाणी अजून बोटाला जाणवतात. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी मारलेले ते घाव आहेत.

इथून पुढे घाटी दवाखान्यावरून पाणचक्की, तिथला महमूद दरवाजा, मग मकई, आणि आमखास मैदानाकडून वळून रंगीन आणि दिल्ली दरवाजा, अशी एक वाट मी सुचवतो. या वाटेवर दोन शहरं दिसतात. एक अंबरचं, पाण्यावर आणि रस्त्यांवर उभं केलेलं मोकळं शहर. दुसरं औरंगजेबाचं, भिंतीच्या आड बसलेलं.

इथल्या लोकांनी भर घालावी. तुम्ही कुठून सुरुवात कराल? कुठे थांबाल?

---

गुलमंडीकर

उत्तम धागा. आमच्याच गावाबद्दल वाचून बरं वाटलं.

एक सांगतो. भडकल बघायचा तर सकाळी सातच्या आत. त्यानंतर शाळांच्या रिक्षा, भाजीच्या गाड्या, घाटी दवाखान्याकडे जाणारी गर्दी, आणि मग तुम्ही दरवाजा बघत नाही, गाड्या चुकवत असता. रविवारी थोडी उसंत मिळते.

आणि भडकलला जाऊन बाबासाहेबांच्या पुतळ्याचा उल्लेख न करता कसं चालेल? या शहरातल्या हजारो लोकांसाठी 'भडकल गेट' म्हणजे आधी तो पुतळा. १४ एप्रिलला आदल्या रात्रीपासून तिथे लोक येऊ लागतात. निळे झेंडे, मेणबत्त्या, बँड, लेकरं खांद्यावर. ज्याला दरवाजा जिवंत बघायचा आहे त्याने त्या दिवशी यावं. मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी इथे १९५० मध्ये सुरू केलं, तेव्हापासून मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून शिकायला आलेली पोरं याच भागातून ये-जा करत आली आहेत.

---

पायवाट

गुलमंडीकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला, माणूस राज्य चालवतो, शहर वसवतो, आणि त्याच्या दरवाज्यासमोर बाबासाहेब उभे आहेत. मला ती जागा फार मोलाची वाटते.

---

शिलालेखी

थोडा इतिहास जोडतो, कारण १६१२ चा विजय नेमका कुठला हे लोकांना माहीत नसतं.

जहांगीरने दख्खनवर दोन बाजूंनी फौजा पाठवल्या होत्या. गुजरातचा सुभेदार अब्दुल्लाखान नाशिकच्या बाजूने घाट चढून आला, दुसरी फौज वऱ्हाड-खानदेशाकडून यायची होती. दोघांनी मिळून अंबरला कात्रीत पकडायचं असा बेत. अब्दुल्लाखान घाई करून एकटाच पुढे आला. अंबरने त्याच्याशी मैदानात लढाई दिलीच नाही. त्याचे हलके घोडेस्वार, त्यात मराठे मोठ्या संख्येने, मोगलांच्या छावणीभोवती घिरट्या घालत राहिले. रसद तोडली, रात्री छापे घातले, मागे राहिलेल्या तुकड्या कापल्या. दौलताबादेच्या आसपास पोहोचेपर्यंत फौजेचं पाणी इतकं उतरलं की खानाने माघार घेतली, आणि बागलाणातून गुजरात गाठेपर्यंत मार खात गेला. या तऱ्हेच्या लढाईला आपण गनिमी कावा म्हणतो. शहाजीराजे निजामशाहीच्या याच दरबारात घडले, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ते अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

दुसरं, भडकल हा नुसता विजयाचा स्मारक-दरवाजा नाही. अंबरचा नौखंडा महाल १६१६ चा, आणि त्या महालाकडे नेणारा मुख्य दरवाजा हाच. वर नौबत झडत असे. म्हणजे आपण ज्याच्याखालून जातो तो राजदरबाराचा उंबरठा होता.

तिसरं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. त्याच १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबर हरला आणि मोगलांनी खडकी जाळली, लुटली. पाच वर्षांनी, १६२१ ला, शाहजहान (तेव्हा तो शाहजादाच होता) दख्खनमध्ये उतरला तेव्हा पुन्हा तेच. घरंदारं गेली, बाजार गेला. दरवाजा राहिला.

---

जालन्याची लेक

शिलालेखी, वाचताना अंगावर काटा आला. दोनदा जळालेल्या गावातला दरवाजा आहे हा! लहानपणापासून बघतेय, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या दिशेचा जालना दरवाजा मात्र आता नाही. चार दिशांचे चार मोठे: उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मकई, पूर्वेला जालना. त्यातला आमचाच गेला याचं वाईट वाटतं.

---

कोथरूडहून

पुढच्या महिन्यात आईला घेऊन येतोय. ती सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. ही सगळी वाट तिला झेपेल का? आणि जेवणाचं काय? आम्ही दोघं दोन तऱ्हेचे, ती शाकाहारी, मी नाही.

---

गुलमंडीकर

कोथरूडहून दादा, आईंना पूर्ण वाट चालवू नका. दिवसभराची रिक्षा ठरवा आणि तीनच जागी उतरा: भडकल, पाणचक्की, दिल्ली दरवाजा. पाणचक्कीत हौदाशेजारी मोठ्या वडाच्या सावलीत बसायला जागा आहे, आई तिथे निवांत बसतील आणि तुम्ही तेवढ्यात महमूद दरवाजा आणि खाम नदीवरचा पूल बघून याल. दोन्ही अगदी लागून आहेत.

जेवणाचं म्हणाल तर तुम्ही शहागंज-सिटी चौकाच्या भागात नान-खलिया खा. तांबूस तर्री, वर तरंगणारं तेल, आणि तंदूरमधून निघालेला पिवळसर नान. आईंसाठी गुलमंडीला या. इमरती गरम मिळते, सकाळी पोहे मिळतात, आणि खवय्यांच्या गर्दीत कुणीही त्यांना बसायला खुर्ची देईल. त्याची हमी माझी.

---

बेगमपुरी

मी लग्नाआधीची सगळी वर्षं बेगमपुऱ्यात काढली. आम्हाला 'शहरात' जायचं म्हणजे मकई दरवाज्यातूनच. बेगमपुरा तटाबाहेर, नदीपलीकडे. आई म्हणायची, 'गेटाच्या आत जाऊन येते,' म्हणजे बाजाराला.

मकईबद्दल लिहिते, कारण तो मला हाताच्या रेषांइतका पाठ आहे. विद्यापीठाच्या बाजूने आलात तर आधी पूल लागतो. खालून खाम. पूल संपतो तिथे कमान. दोन्ही बाजूला बुरूज. बुरुजांच्या माथ्यावर चर्या (दातेरी कठडे) आहेत, त्यांच्याखाली जंग्या, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायची भोकं. त्या जंग्या सरळ समोर बघत नाहीत, पुलाकडे तिरप्या वळलेल्या आहेत. पुलावर जो कोण येईल तो दोन्हीकडून माऱ्यात. आमच्या शाळेतल्या बाईंनी हे आम्हाला पुलावर उभं करून दाखवलं होतं.

पावसाळ्यात खामला पाणी आलं की वरून बघायला आम्ही पोरी थांबायचो. हल्ली नदीचं काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, नदी साफ करायचं काम अधूनमधून होतं तेव्हा जीवात जीव येतो.

आणि पायवाट, तुमच्या वाटेत बेगमपुऱ्याचा थत्ते हौद घालाच. पाणी नहरीतून खेळवत कसं आणायचे ते तिथे दिसतं. मकईपासून पाच-दहा मिनिटांवर आहे.

---

पायवाट

बेगमपुरी ताई, थत्ते हौद घातला. पाण्याशिवाय या शहराची गोष्ट अपुरी आहे. अंबरने नहर-ए-अंबरी खणली ती शहर वसवण्याच्याच धामधुमीत. उत्तरेच्या डोंगराच्या कुशीतलं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने आणायचं, वाटेत हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी झरोके ठेवायचे, गावात आल्यावर मातीच्या नळांतून मोहल्ल्या-मोहल्ल्यात पोहोचवायचं. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. पाणी, महाल, दरवाजा. असा सगळ्याचा मिळून विचार करणारा राज्यकर्ता होता तो. तटबंदी त्याने घातली नाही, कारण संकट आलं तर माणसं दौलताबादेला हलवता येत. किल्ला हाकेच्या अंतरावर होता.

---

नकाशाप्रेमी

धागा आवडला, पण 'मोकळं शहर आणि भिंतीआडचं शहर' ही मांडणी मला जरा जास्तच सोपी वाटते.

औरंगजेब इथे पहिल्यांदा सुभेदार म्हणून १६३६ मध्ये आला, पुन्हा १६५३ च्या सुमारास, तेव्हा फतेहनगरचं (खडकीला अंबरच्या मुलाने, फतेहखानाने दिलेलं नाव) औरंगाबाद झालं. त्या सगळ्या काळात तटबंदी नव्हतीच. शहर उलट बाहेर पसरत होतं. मोगलांच्या रजपूत सरदारांनी आपापले पुरे वसवले: करणपुरा, पदमपुरा, भावसिंगपुरा, जयसिंगपुरा. हे सगळे नंतरच्या तटाच्या बाहेर राहिले. म्हणजे औरंगजेबाचंही शहर बराच काळ मोकळंच होतं. शिवाय दिल्ली दरवाजा काही नुसता भीतीपोटी बांधलेला नाही. बादशाही मिरवणुका, हत्ती, निशाणं त्यातून आत यायची. त्याचा आकार तसा आहे.

---

पायवाट

नकाशाप्रेमी, पुऱ्यांचा मुद्दा लाखमोलाचा. पण त्यामुळे माझं म्हणणं उलट पक्कं होतं असं मला वाटतं. जे शहर पन्नास वर्षं मोगलांना भिंतीशिवाय चाललं, त्याला १६८२ मध्येच भिंत का लागली? बादशहा त्याच वर्षी स्वतः इथे येऊन बसला, कारण मराठ्यांचे घोडे शहराच्या अंगणात येऊ लागले होते. आणि ती भिंत किती उंच? सरासरी जेमतेम चौदा फूट. तोफा घेऊन वेढा घालणाऱ्या शत्रूसाठी कुणी चौदा फुटांची भिंत बांधत नाही. ती घोडेस्वारांसाठी आहे. अचानक येऊन, बाजार लुटून, उजाडायच्या आत पसार होणाऱ्यांसाठी. बेगमपुरी ताईंच्या तिरप्या जंग्याही तेच सांगतात: बंदुका पुलावर रोखलेल्या.

अंबरने जी लढण्याची रीत मोगलांविरुद्ध वापरली आणि त्या आनंदात भडकल बांधला, तीच रीत पुढे मराठ्यांनी इतकी वाढवली की बादशहाला भिंत घालावी लागली. भडकल आणि मकई लागोपाठ बघा म्हणतो ते याचसाठी.

दिल्ली दरवाजाच्या रुबाबाबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत.

---

शिलालेखी

नकाशाप्रेमींनी रजपूत पुरे सांगितले, त्याच्या आधीचे मराठी पुरेही नोंदवायला हवेत. अंबरच्या खडकीत मालपुरा, खेलपुरा, विठापुरा, परसपुरा अशी वस्त्यांची नावं होती. मालोजी, खेलोजी, विठोजी, परसोजी. भोसल्यांची नावं आहेत ही.

आणखी एक. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला जाताना औरंगाबादेत मुक्कामाला होते. इथला मोगल अधिकारी सफशिकनखान सामोरा आला नाही, पुतण्याला पाठवलं, आणि महाराज त्याच्याकडे न जाता सरळ आपल्या मुक्कामी गेले. मग खानालाच भेटीला यावं लागलं. पुढच्याच वर्षी शंभूराजे मनसबदार म्हणून शाहजादा मुअज्जमच्या भेटीसाठी इथे आले. तेव्हा तट नव्हता, आजचा दिल्ली दरवाजाही नव्हता. भडकल मात्र होता. त्या दोघांच्या नजरेला पडलेली आणि आज आपल्यालाही हात लावता येईल अशी जी थोडी बांधकामं शहरात उरली आहेत, त्यांत भडकल सर्वांत ठळक.

---

जालन्याची लेक

हे शाळेत मुलांना सांगा कुणीतरी! इतिहासाची सहल दौलताबादला जाते, भडकलला एकही बस थांबत नाही.

---

कमानवाला

मी बांधकामातला माणूस आहे, जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती हे माझं पोटापाण्याचं काम. इतिहास वर आलाच आहे, मी दरवाज्याच्या तब्येतीबद्दल लिहितो.

कमान नुसती खाली भार देत नाही, ती बाजूलाही रेटते. टोकदार कमानीचा रेटा अर्धगोल कमानीपेक्षा कमी असतो, पण असतो. तटातल्या दरवाज्यांना हा रेटा पेलायला दोन्हीकडून बुरूज आणि भिंत होती. रस्ता रुंद करायला आपण बाजूची भिंत काढली की दरवाजा एकटा पडतो, आणि कमानीच्या माथ्यावर, मधल्या चावीच्या दगडाजवळ, बारीक भेग दिसू लागते. दरवाजा बघायला जाल तेव्हा तिथे नजर टाका. भेग वर रुंद आणि खाली निमुळती, की उलट, यावरून खांब कुठल्या बाजूला कलतोय ते कळतं.

भडकलला ही अडचण कमी, कारण तो मुळातच एकट्याने उभा राहण्यासाठी बांधला. खांब बघा किती जाड आहेत. रेटा त्यांच्याच पोटात जिरतो.

दुसरा शत्रू पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, दोन पावसाळ्यांत मूळ चुन्यात शिरतं. वरून फांदी छाटली की लोकांना वाटतं काम झालं. मूळ आत तसंच राहतं आणि दुप्पट जोमाने फुटतं. ते मुळासकट मारून, पोकळी चुन्याने भरून घ्यावी लागते.

आणि तिसरा शत्रू सिमेंट. कळकळीने सांगतो. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, क्षार साचतात, आणि काही वर्षांत दगडाचा पापुद्रा सुटतो. वरून भिंत गुळगुळीत दिसते, आतून कुजत जाते. गेल्या काही वर्षांत शहरात काही दरवाज्यांची दुरुस्ती चुन्याने झाली आहे. ते काम पाहून समाधान वाटतं. चुना घाण्यात मळायचा, त्यात विटांची सुरखी (भुकटी), वाळू, गूळ, बेलफळाचं पाणी, मेथी. मुरायला दिवस द्यायचे. घाई करणाऱ्याच्या हातून चुना सुटतो.

---

कोथरूडहून

कमानवाला, एक शंका. मकई आणि महमूदमधून पिढ्यान्‌पिढ्या वाहनं जात आली आहेत. ती बंद करावीत का? की दरवाजा आहे म्हणजे त्यातून जायचंच?

---

कमानवाला

माणसं, सायकल, दुचाकी जाऊ द्यावी. जड वाहन नको. कंपनाने सांध्यातला चुना भुगा होऊन गळतो, आणि उंच गाडीचा टप कमानीला घासला की एका मिनिटात शेकडो वर्षांचा दगड निखळतो. मोठ्या गाड्यांना शेजारून वेगळा पूल, हाच उपाय.

---

बेगमपुरी

मी कमानवाल्यांशी सहमत, पण दरवाजा कुंपणात घालून कुलूप लावू नका, एवढं माझं मागणं आहे. कुलूप लावलेल्या दरवाज्याच्या आत काय होतं ते आपण सगळे जाणतो. कचरा, दारूच्या बाटल्या, अंधार. मकईखालून रोज माणसं जातात म्हणून तिथे झाडू मारला जातो, म्हणून कुणी दगड पळवत नाही. आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे संध्याकाळी पुलाच्या कठड्याशी उभे राहायचे. तेच राखणदार होते.

---

हरारहून परत

मी बरीच वर्षं इथिओपियात शिकवायला होतो, आता नाशिकला असतो. धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण मलिक अंबर मूळचा तिकडचा. साधारण १५४८ चा जन्म, चापू नाव. लहानपणी विकला गेला, अरबस्तानातल्या आणि बगदादच्या बाजारातून हात बदलत दख्खनला पोहोचला. त्याला इथे विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हासुद्धा हबशीच.

त्याच काळात, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, पूर्व इथिओपियात हरार शहराला अमीर नूरने तट घातला. जुगोल म्हणतात त्या जुन्या शहराला. पाच जुने दरवाजे, आत अरुंद गल्ल्या, बाहेर कॉफीच्या बागा. २००६ मध्ये ते जागतिक वारसा झालं. तटात खाली लहान लहान भोकं आहेत, रात्री तरसांना आत यायला. ती येतात, गल्लीतलं खरकटं साफ करतात आणि निघून जातात. मी स्वतः ते पाहिलं आहे, आणि गावातलं कुणी त्यांना घाबरत नाही.

तिथल्या वर्गात मी मुलांना भडकलचा फोटो दाखवायचो. तुमच्या देशातून आलेल्या माणसाने हे बांधलं, म्हणून सांगायचो. वर्ग एकदम गप्प व्हायचा आणि मग प्रश्नांचा पाऊस. त्याची कबर कुठे आहे, हा प्रश्न हमखास. खुलताबादला आहे. १६२६ मध्ये तो वारला, ऐंशीच्या घरात, आपल्या अंथरुणात. जहांगीरने त्याचं कापलेलं मुंडकं भाल्यावर लावून त्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र अबुल हसनकडून काढून घेतलं होतं. ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात बादशहाच्या हाती ते मुंडकं कधी लागलं नाही.

वेरूळला जाणाऱ्यांनी खुलताबादला थांबून अंबरची कबर जरूर बघावी. शेजारीच त्याच्या बायकोची, बीबी करिमाची कबर आहे. वाट आडबाजूची आहे, गावात विचारत जावं लागतं.

---

गुलमंडीकर

सर, तुमच्या वर्गातल्या मुलांना आमचा नमस्कार पोहोचवा. कुणी इकडे आलं तर भडकलपासून खुलताबादपर्यंत मी स्वतः फिरवीन.

---

पायवाट

सगळ्यांचं वाचून वाट पुन्हा लिहितो, म्हणजे नवीन येणाऱ्याला एका जागी मिळेल.

सकाळी सातच्या आत भडकल. आधी लांबून पूर्ण दरवाजा, मग पुतळ्याला वंदन, मग कमानीखाली. तिथून घाटीच्या बाजूने पाणचक्की आणि महमूद दरवाजा. मग मकई: आधी पुलापलीकडे जाऊन बाहेरून बघा आणि बाहेरून आत या. तटातला दरवाजा नेहमी बाहेरून बघावा, तो बाहेरच्यासाठीच बांधलेला असतो. बेगमपुऱ्यात थत्ते हौद. परत फिरून आमखास, किले-अर्कच्या (औरंगजेबाच्या राजवाड्याच्या) भागात काळा आणि नौबत दरवाजा, मग रंगीन, आणि शेवटी दिल्ली दरवाजा. तो संध्याकाळी चांगला, उन्हं तिरपी झाली की बुरुजांची गोलाई उठून दिसते. जेवण मधे शहागंज किंवा गुलमंडी, ज्याला जे रुचेल ते. ज्यांना एवढं चालणं नको त्यांनी गुलमंडीकरांची तीन थांब्यांची यादी धरावी.

बावन्नपैकी आज साधारण डझनभर दरवाजे उभे आहेत. पूर्वेकडचे रोशन आणि कटकट, मोंढ्याजवळचा जाफर, यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा. त्या बाजूची कुणी नीट माहिती लिहील का?

---

जालन्याची लेक

जाफर दरवाजा मी लिहिते. वडिलांची मोंढ्यात अडत होती, दाण्याच्या गाड्या त्याच्याच आसपास लागायच्या. येत्या रविवारी भावाला घेऊन जाते, फोटो काढते आणि इथेच टाकते. कमानवाला दादा, चावीच्या दगडाचा फोटो कुठून काढू ते सांगा, म्हणजे भेग असली तर तुम्हाला नीट दिसेल.

---

कमानवाला

बरोबर मधोमध उभं राहून, कॅमेरा सरळ वर धरून एक. मग दोन्ही बाजूंनी, खांबाच्या पायथ्याशी टेकून, एकेक. सकाळच्या उन्हात काढा, भेगेत सावली पडते आणि ती स्पष्ट दिसते. शेजारी एखादं नाणं किंवा पेन धरता आलं तर मापाचा अंदाज येईल. पिंपळाची रोपं दिसली तर त्यांचाही फोटो हवा, अगदी बोटभर असली तरी.

---

जालन्याची लेक

चालेल. भावाकडे लांब पल्ल्याची लेन्स आहे. रोशन दरवाजाही त्याच फेरीत करते.